किडब्रुकची शाळा

आमच्या भागातल्या शाळेची आत्तापर्यंत तीन नावं होऊन गेली. 1954 साली उघडली तेव्हा ती सरळ किडब्रुक स्कूल होती. 2011 मध्ये कोरेली कॉलेज झाली आणि 2018 पासून हॅली अकॅडमी. हॅली म्हणजे धूमकेतूवाला एडमंड हॅली. त्याची कबर इथून जवळच, ली भागातल्या सेंट मार्गारेट चर्चच्या जुन्या आवारात आहे, म्हणजे या नावाला निदान गावचा पत्ता तरी आहे. किडब्रुकमधल्या दुसऱ्या शाळेला थॉमस टॅलिसचं नाव दिलंय. तो सोळाव्या शतकातला संगीतकार, ग्रिनिचच्या सेंट अल्फेज चर्चमध्ये पुरलेला. शाळांना नावं द्यायला इथं मेलेल्या मोठ्या माणसांची चणचण नाही. पण भागातली जुनी माणसं अजून 'किडब्रुक'च म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

दक्षिण-पूर्व लंडनमधल्या या कोपऱ्यात पर्यटक फिरकत नाहीत. एका बाजूला ब्लॅकहीथची श्रीमंत जुनी घरं, दुसऱ्या बाजूला एल्थमच्या कौन्सिलच्या चाळवजा वस्त्या, मधून जाणारा मोठा रस्ता. फेरियर इस्टेट नावाची काँक्रीटची मोठी वसाहत इथं होती. ती पाडून आता तळी, बोरू आणि काचेच्या बाल्कन्या असलेलं किडब्रुक व्हिलेज उभं राहिलंय. त्यातले काही फ्लॅट आपल्याच आयटीतल्या लोकांनी घेतलेत. 'व्हिलेज' या शब्दाला एवढी किंमत मोजणारे लोक मी आधी पाहिले नव्हते.

तर या भागात, ज्याचं नाव लंडनमधल्याही निम्म्या लोकांना माहीत नसेल, इंग्लंडच्या शालेय शिक्षणातला सगळ्यात गाजलेला प्रयोग झाला. लंडनमधली, खास कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणून, म्हणजे परीक्षेनं न निवडता सगळ्या मुलांना एकत्र घेण्यासाठी बांधलेली पहिली शाळा ती हीच. तशी अँगल्सी बेटावर 1949 मध्येच एक कॉम्प्रिहेन्सिव्ह सुरू झाली होती, पण ती वेल्समध्ये, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांना वेल्स दिसत नाही.

हा प्रयोग कशाविरुद्ध होता, ते आपल्याकडच्या वाचकाला सांगायला हवं. 1944 च्या शिक्षण कायद्यानं इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण सगळ्यांना फुकट झालं. फार मोठी गोष्ट. पण सगळ्यांना म्हणजे एकाच शाळेत नव्हे. अकराव्या वर्षी परीक्षा, तिचं नाव इलेव्हन प्लस. वरची साधारण पाचवा ते चौथा हिस्सा मुलं ग्रामर स्कूलला, बाकीची सेकंडरी मॉडर्नला. तांत्रिक शाळा असा तिसरा प्रकार कागदावर होता, प्रत्यक्षात फारच थोड्या निघाल्या. ग्रामरला गेलेल्यापुढे विद्यापीठाची वाट, मॉडर्नला गेलेला बहुधा पंधराव्या वर्षी एकही सरकारी परीक्षा न देता कामाला लागायचा. मुलींचं आणखी वेगळं. मुलांच्या ग्रामर शाळांत जागा जास्त होत्या, म्हणून कित्येक ठिकाणी मुलींना पास व्हायला मुलांपेक्षा जास्त मार्क लागायचे. हे गुपचूप चाललं नव्हतं, तशी रीतच होती.

माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला यावरून चौथीची स्कॉलरशिप आठवेल. तशीच बुद्धिमत्ता चाचणी, तसेच वेगळी आकृती ओळखण्याचे प्रश्न. पण आमच्यातला एखादा स्कॉलरशिपमध्ये आला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो त्याच बाकावर त्याच मित्राशेजारी बसायचा. घरी चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे, संपलं. इथं निकालानंतर जिवाभावाच्या दोघी मैत्रिणी सप्टेंबरमध्ये वेगवेगळ्या गणवेशात वेगवेगळ्या बसनं जायला लागायच्या. सत्तरीतल्या इंग्रज बायकांना त्या निकालाबद्दल विचारलं, तर त्या अजून दिवस कुठला होता ते सांगतात. काल झाल्यासारखं.

या चाळणीला शास्त्राचा टेकू होता. सिरिल बर्ट हे मानसशास्त्रज्ञ 1913 साली लंडन काउंटी कौन्सिलच्या नोकरीत लागले, त्या कौन्सिलचे पहिलेच मानसशास्त्रज्ञ म्हणून. बुद्धी बहुतांशी जन्माने येते आणि लहानपणीच मोजता येते, हे मत रुजवण्यात त्यांचा मोठा हात. 1971 मध्ये ते वारले, आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या जुळ्या मुलांवरच्या आकडेवारीवर असे प्रश्न उभे राहिले की ते आजवर मिटलेले नाहीत. आणि गंमत बघा, याच लंडन काउंटी कौन्सिलनं युद्धानंतर, 1947 च्या आपल्या योजनेत, ठरवलं की आपल्याला ही चाळणीच नको. सगळी मुलं एका शाळेत.

त्यासाठी शाळा प्रचंड हवी, असं त्यांचं गणित होतं. कारण सहावी फॉर्म. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. बहुतेक मुलं पंधराव्या वर्षी शाळा सोडणार, थोडीच पुढे राहणार. त्या थोड्यांसाठी भौतिकशास्त्राचा, फ्रेंचचा, इतिहासाचा वेगळा शिक्षक परवडायचा, तर खालची भरती तेवढी मोठी पाहिजे. म्हणून दोन हजारांच्या घरात विद्यार्थिनी. विद्यार्थिनी, कारण किडब्रुक मुलींची शाळा म्हणून सुरू झाली, मुलगे फार उशिरा आले. टीकाकारांनी कारखाना म्हणून हेटाळणी केली. एवढ्या मुलींची नावं मुख्याध्यापिका कशी लक्षात ठेवणार, असा एक आक्षेप होता. मला हा आक्षेप नेहमीच विनोदी वाटतो. माझ्या शाळेत आम्ही साठजण एका वर्गात होतो आणि मुख्याध्यापकांना आमच्यापैकी फक्त खोडकर माहीत होते.

खरी मारामारी दुसऱ्याच गोष्टीवरून झाली. आसपासच्या पाच शाळांतल्या मुली नव्या शाळेत आणायच्या, त्यात एल्थम हिल ही मुलींची ग्रामर स्कूलही बंद करून तिच्या मुली इकडे वळवायच्या, असा कौन्सिलचा बेत होता. पालक खवळले. आपल्या मुलीनं परीक्षा पास होऊन मिळवलेली जागा, ती आता सगळ्यांच्यात मिसळायची? अर्ज-विनंत्या झाल्या. त्या वेळच्या शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रो, हुजूर पक्षाच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री मंत्री. त्यांनी 1954 मध्ये शाळा उघडायच्या काही महिने आधी एल्थम हिलचं विलीनीकरण नाकारलं. झालं. सगळ्यांची म्हणून बांधलेली शाळा उघडली ती ग्रामरच्या मुलींवाचून, आणि थोड्याच अंतरावर ग्रामर स्कूल दिमाखात चालू. मंत्रीणबाईंचं खातंही त्याच ऑक्टोबरमध्ये गेलं, पण निर्णय राहिला. ज्या दुधावरची साय आधीच काढून ठेवली, त्या दुधाला पुढची साठ-सत्तर वर्षं 'पातळ आहे' म्हणून नावं ठेवायची, हा कॉम्प्रिहेन्सिव्हांच्या बाबतीतला इंग्रज रिवाज इथूनच सुरू झाला असं माझं मत आहे.

पहिल्या मुख्याध्यापिका मिस मेरी ग्रीन. 1954 ते 1973, म्हणजे जवळजवळ दोन दशकं त्यांनी ती शाळा चालवली, आणि त्या कामासाठी त्यांना डेम हा किताब मिळाला. एवढ्या मोठ्या शाळेची घडी बसवणं म्हणजे काय असेल, ते शाळेत काम केलेल्यालाच कळेल. वेळापत्रकच घ्या. संगणक नाही, भिंतीएवढा तक्ता, आणि त्यात टायपिंग शिकणारी, शिवणकाम शिकणारी, विद्यापीठाकडे डोळे लावून बसलेली, अशा सगळ्याजणींचे तास बसवायचे, एकाही शिक्षिकेला एका वेळी दोन खोल्यांत न पाठवता. बाहेर भांडणारे लोक समतेबद्दल भांडत होते. आतल्या बायका खोली मोकळी आहे का ते बघत होत्या.

आणि आतही चाळणी होतीच. सुरुवातीच्या बहुतेक कॉम्प्रिहेन्सिव्हांनी हुशारीनुसार तुकड्या पाडल्या. पुढे लंडनच्या शिक्षण खात्यानं मुलांचे तीन बँड केले: वरचे पंचवीस टक्के, मधले पन्नास, खालचे पंचवीस. हेतू चांगला होता, प्रत्येक शाळेला तिन्ही प्रकारची मुलं सारखी मिळावीत. परीक्षाही दोन होत्या. वरच्यांना ओ लेव्हल, आणि 1965 पासून बाकीच्यांसाठी सीएसई. एकाच फाटकातून आत येणाऱ्या दोन मुली शेवटी दोन वेगळे कागद घेऊन बाहेर पडायच्या. दोन्ही परीक्षा मोडून एक जीसीएसई झाली ती 1988 मध्ये. म्हणजे इमारत एक व्हायला 1954 उजाडलं आणि प्रमाणपत्र एक व्हायला आणखी चौतीस वर्षं.

1965 मध्ये मजूर सरकारनं सगळ्या देशातल्या कौन्सिलांना कॉम्प्रिहेन्सिव्हकडे वळा असं परिपत्रक काढलं. पुढे मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या. स्वतः ग्रामर स्कूलच्या विद्यार्थिनी, पण त्यांच्याच कारकिर्दीत सर्वांत जास्त शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्या. हे त्यांच्या चाहत्यांना आणि विरोधकांना, दोघांनाही आठवायला आवडत नाही. विरोधकांना आठवतं ते दूध. 1971 मध्ये सात वर्षांवरच्या मुलांचं फुकट दूध त्यांनी बंद केलं. माध्यमिक शाळांतलं दूध तर मजूर सरकारनंच 1968 मध्ये बंद केलं होतं, ते मात्र कुणी घोषणेत घेतलं नाही.

दुधाचा विषय निघाला म्हणून आता जेवणाकडे येते. कारण आजच्या चाळिशीतल्या इंग्रज माणसाला किडब्रुक माहीत असते ती समतेमुळे नव्हे, टर्की ट्विझलरमुळे.

2005 च्या फेब्रुवारीत चॅनल फोरवर शाळेतल्या जेवणाबद्दल जेमी ऑलिव्हरची मालिका लागली. त्यातलं मुख्य स्वयंपाकघर किडब्रुकचं. तिथल्या मुख्य डिनर लेडी, म्हणजे शाळेत जेवण रांधणाऱ्या बाई, नोरा सँड्स, आयरिश, स्पष्टवक्त्या, कॅमेऱ्याला न बुजणाऱ्या. जेमी हा प्रसिद्ध शेफ, पण स्वयंपाकघर नोराबाईंचं, आणि हे त्यांनी त्याला विसरू दिलं नाही. मुलांच्या ताटात काय पडत होतं? चिप्स, नगेट्स, बर्गर, आणि टर्की ट्विझलर, म्हणजे प्रक्रिया केलेल्या मांसाची तळलेली स्प्रिंग. एका जेवणाच्या सामग्रीसाठी मिळत होते 37 पेन्स. त्या वेळी दुकानात एवढ्या पैशांत एक साधं चॉकलेट आलं असतं.

हे 37 पेन्स आले कुठून, त्याला इतिहास आहे, आणि मला तो मालिकेपेक्षा जास्त रंजक वाटतो. 1906 च्या कायद्यानं उपाशी मुलांना जेवू घालायची कौन्सिलांना मुभा दिली. 1944 च्या कायद्यानं ते बंधनकारक केलं. तेव्हाचं शाळेतलं जेवण म्हणजे उकडलेला कोबी, गाठी झालेलं कस्टर्ड आणि गुळगुळीत मॅश. त्याला नावं ठेवणारी पिढी अजून हयात आहे, पण त्यात प्रथिनं किती असावीत याचे नियम होते. 1980 च्या कायद्यानं बंधनही काढलं आणि पोषणाचे नियमही. मग 1988 मध्ये कौन्सिलांना अशी कामं निविदा काढून देणं सक्तीचं झालं. सर्वांत स्वस्त बोली जिंकणार. स्वस्तात काय बसतं? कारखान्यात बनवलेलं, गोठवलेलं, खोक्यातून काढून तळणीत सोडायचं. त्याला स्वयंपाकी लागत नाही, कात्री लागते. त्यामुळे बायकांचे कामाचे तास कमी झाले, कांदा चिरायची सवय गेली, काही शाळांत तर स्वयंपाकघरच गेलं. मालिकेत नोराबाईंच्या बायका कच्च्या भाज्यांपुढे उभ्या राहून वैतागतात, त्यात आळस नव्हता. कोबी चिरायला लागणारा वेळ त्यांच्या पगारात धरलेलाच नव्हता.

मुलांनी काय केलं? मुलांनी मुलांसारखंच केलं. नवं जेवण नाकारलं. ज्यांच्या खिशात पैसे होते ते बाहेर चिप्स खायला गेले. पुढच्या वर्षी उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅमजवळ काही आयांनी शाळेच्या कुंपणातून पोरांना बर्गर पुरवले, त्याचे फोटो देशभर छापून आले. पण मालिका संपता संपता टोनी ब्लेअरच्या सरकारनं 280 दशलक्ष पौंड जाहीर केले, आणि थोड्या वर्षांत पोषणाचे कडक नियम आले. ग्रिनिच बरोनं, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेनं, ते जेवण सगळ्या शाळांत नेलं. नंतर दोन अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या बरोंशी तुलना करून पाहिलं, तर ग्रिनिचमधल्या अकरा वर्षांच्या मुलांचे निकाल सुधारलेले दिसले आणि आजारपणाच्या सुट्ट्या कमी झालेल्या. वरणभात खाऊन परीक्षेला जा म्हणणाऱ्या आजीला हे संशोधन वाचून दाखवलं असतं, तर तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं असतं.

या भागातली शाळा सुटते साडेतीनच्या आसपास. बसस्टॉपवर ब्लेझरची एकच लाट येते. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, टायची गाठ वीतभर खाली ओढलेली, गळ्यातल्या दोरीला बसचा फुकट पास. चारपाचजणांत मिळून चिकन आणि चिप्सचं एकच खोकं, लाल सॉस वरून ओतलेला, आणि त्यात घुसलेली बोटं मोजली तर दहाबारा वेगळ्या देशांची निघतील. नायजेरिया, नेपाळ, व्हिएतनाम, पोलंड, सोमालिया, आणि पिढ्यान् पिढ्या वुलिचमध्ये राहिलेले इंग्रज. ही पोरं एकमेकांना आईवरून चिडवतात, आणि बस आली की एखाद्या म्हातारीला आधी चढू देतात. 1947 मध्ये योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे यातलं काहीच नसणार. ते वर्गभेदाचा विचार करत होते, खंडांचा नाही.

कॉलेज, अकॅडमी, ट्रस्ट हे सगळं गेल्या पंधरा वर्षांतलं, आणि त्यात मला फारसा रस नाही. थोडक्यात, 1990 मध्ये लंडनचं एकत्र शिक्षण खातं मोडून शाळा बरोंकडे गेल्या, आणि नंतर अकॅडमी धोरणाखाली त्यातल्या बऱ्याच एकेक करून बरोंकडूनही सुटल्या. त्या शाळा आता थेट सरकारी पैशावर ट्रस्ट चालवतात. फाटकावरची पाटी, गणवेशाचा रंग आणि बोधवाक्य तेवढं बदलतं. गणिताला शिक्षक मिळत नाही, ते तसंच राहतं.

या मोडतोडीतून निघालेला एक खटला मात्र आमच्या घरापर्यंत आला. 1989 मध्ये ग्रिनिच बरोनं ठरवलं, आता शाळा आमच्या होणार, तर आधी आमच्या हद्दीतल्या मुलांना जागा. हद्दीपलीकडे, लुइशममध्ये, ब्लॅकहीथला जॉन बॉल नावाची प्राथमिक शाळा आहे. तिथली मुलं वर्षानुवर्षं ग्रिनिचच्या माध्यमिक शाळांत जायची. त्या शाळेचे संचालक कोर्टात गेले आणि जिंकले. बरोच्या सीमेवरून मुलांना अडवता येणार नाही, असा तो निकाल. देशभर त्याला ग्रिनिच निकाल म्हणतात. लुइशमच्या मुलांना ग्रिनिचच्या साध्या शाळांत येता यावं म्हणून लढलेली ती लढाई. आज तिचा सर्वांत मोठा फायदा घेणारे कोण? ग्रिनिचमधले, मुलांना शेजारच्या बेक्सली बरोच्या ग्रामर शाळांत धाडू पाहणारे पालक. म्हणजे आम्ही.

कारण ग्रामर शाळा संपल्याच नाहीत. इंग्लंडमध्ये 163 उरल्या आहेत. 1998 च्या कायद्यानं नवी काढायला बंदी आहे, जुन्या चालू आहेत. बेक्सलीत चार, आणि त्यापलीकडे केंट तर अख्खी काउंटीच अजून 1944 मध्ये. मुलगी आठ वर्षांची झाली की मराठी घरांत प्रश्न सुरू होतो. डॉलिस हिलच्या मंडळात गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन एक ताई मला म्हणाल्या, "अगं, सहावीच्या सप्टेंबरमध्येच परीक्षा असते, आणि तुमचा अजून ट्यूटर ठरला नाही? आमच्या आर्यननं चौथीपासून सुरू केलंय." त्यांच्या आवाजात काळजी होती, खरीखुरी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या घरात शनिवारी सकाळी पोह्यांच्या ताटलीशेजारी बाँड मालिकेतलं, ग्रामरच्या परीक्षेच्या तयारीचं अशाब्दिक तर्काचं पुस्तक उघडं असतं. तिथला दहा वर्षांचा मुलगा एकदा मला विचारत होता, "काकू, हा त्रिकोण उजवीकडे वळतो की आरशातला आहे?" मी बराच वेळ बघितलं. मला आला नाही. त्याची आई ओट्यापाशी घड्याळ लावून उभी होती, अर्ध्या मिनिटाला एक प्रश्न.

मी त्या आईला नावं ठेवणार नाही. परक्या देशात, ओळखीपाळखी नसताना, परीक्षा ही एकच गोष्ट आपल्या हुकमाची वाटते. आपण परीक्षा देऊनच इथवर आलो. परीक्षेवर विश्वास ठेवू नको, हे आपल्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण ज्या भागात ही चाळणी नको म्हणून एक अख्खी शाळा बांधली गेली, त्या भागात राहून आपण ती चाळणी पैसे देऊन घरी आणतो, हे मला बोचतं. ज्यांना ट्यूटर परवडत नाही त्यांच्या मुलांना तर्क कमी येतो, असं काही नाही. त्यांना ते पुस्तक माहीत नसतं, एवढंच. घरांच्या किमतीही तेच काम करतात. चांगल्या म्हणून नाव झालेल्या शाळेजवळचं घर महाग होतं, मग शाळा आणखी 'चांगली' होते.

आमच्या लेकीनं परीक्षा दिली नाही. शनिवारी सकाळी पोहायला जायचं असतं, हे तिचं कारण होतं, आणि मला ते पुरेसं वाटलं. नवऱ्याला नाही. "दे की, बघू तरी," हे त्याचं पालुपद सबंध उन्हाळा चाललं. ऑक्टोबर संपायच्या आत फॉर्म भरायचा असतो, लंडनमध्ये सहा शाळा क्रमानं लिहिता येतात. आम्ही चालत जाता येतील अशा तीन आधी लिहिल्या, मग बसच्या. निकाल 1 मार्चला ईमेलनं येतो.

यातली खरी गोष्ट अशी, की तुम्ही कुठल्या शाळेला कितवा क्रमांक दिलात हे शाळांना कळतच नाही. प्रत्येक शाळा आपापल्या निकषानं यादी लावते, आणि तुम्ही पात्र ठरलेल्यांपैकी तुमच्या यादीतली सर्वांत वरची शाळा संगणक तुम्हाला देतो. क्रमात डाव टाकायला जागाच ठेवलेली नाही. मनात आहे तसं लिहायचं. हे मी मंडळाच्या दिवाळीत एका काकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, चकलीचा तुकडा मोडला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते ठीक आहे. पण तू एक कर, पुढच्या वेळी दोन नंबरला ग्रामर टाक."